पर्यावरणमंत्री कोणाचा?

गेल्या २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त, हिवरखेडच्या एका शाळेत बोलावयास गेलो होतो. तासभर रामन परिणामावर बोललो. मुलांनी शांतपणे ऐकून घेतले, टाळ्या वाजविल्या. ‘कोणाला काही विचारायचे आहे का?’ असे म्हटल्यावर नेहमीप्रमाणे प्रथम कोणीच उठले नाही. मग मागच्या बाकावरचा नववीतला एक मुलगा उभा राहिला. त्याच्या प्रश्नाचा रामन यांच्याशी काडीचाही संबंध नव्हता.

‘‘सर, आपली गाडी वाघापायी बंद पडली म्हनतात. मंग पर्यावरणमंत्री वाघाचा हाय का आपला?’’

वर्ग हसला. बाजूला बसलेले शिक्षक थोडे ओशाळले. मला मात्र तो प्रश्न त्या दिवशीच्या माझ्या व्याख्यानापेक्षा बरा वाटला. मी तेथे दोन-चार वाक्यांत जे उत्तर दिले ते अगदीच अपुरे होते. विद्यार्थी मित्रांनो, म्हणून हा लेख.

प्रथम गाडीविषयी. अकोला ते खांडवा हा मीटरगेज रेल्वेमार्ग होता. मीटरगेज म्हणजे दोन रुळांतील अंतर बरोबर १ मीटर. ब्रॉडगेजमध्ये ते १.६७६ मीटर असते. अकोट, अडगाव, हिवरखेड, वान रोड अशी स्थानके घेत ही गाडी सातपुड्यात शिरत असे. पुढे धुळघाटाजवळ चढ सौम्य करण्यासाठी रूळ असा वळसा घेतो की वरचा रूळ खालच्याच रुळाला ओलांडून जातो. कलत्या पृष्ठभागाचा धडा शिकवताना मी आजही हेच उदाहरण देतो. रूळ रुंद करावयाचे म्हणून २०१७ च्या सुरुवातीपासून ही गाडी बंद झाली. अकोला ते अकोट हा भाग ब्रॉडगेज होऊन नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यावर गाडी धावू लागली. अकोटच्या पुढचे काम मात्र अडले, कारण जुना मार्ग मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून जातो. १९७३-७४ मध्ये देशात जे पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले त्यांतला हा एक.

‘मीटरगेज गाडी इतकी वर्षे जंगलातून जातच होती, मग आताच काय झाले?’ असे तुम्ही विचाराल. त्याचे उत्तर विज्ञानाच्या पुस्तकात आहे. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला तर तेच ब्रेक लावून गाडी थांबायला चौपट अंतर लागते. घाटात हळूहळू चढणारी छोटी गाडी आणि रुंद रुळांवरची लांबलचक, वेगवान मालगाडी यांच्यापुढे रूळ ओलांडणाऱ्या अस्वलाला मिळणारा अवधी सारखा नसतो. शिवाय रुंद मार्गासाठी डोंगर अधिक कापावा लागतो, भराव अधिक घालावा लागतो.

२०२१ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी रेल्वेमंत्र्यांना पत्र लिहून मार्ग जंगलाबाहेरून न्यावा असे सुचविले. अडगाव, हिवरखेड, सोनाळा, जामोद अशा गावांवरून वळसा घेऊन तुकईथडकडे जाणारा तो पर्यायी मार्ग. आता त्या मुलाने नकाशा पुढे घ्यावा. जुन्या मार्गावर हिवरखेड आहे आणि पर्यायी मार्गावरही हिवरखेड आहे. म्हणजे ‘वाघ की आपण’ ही मांडणीच चुकीची होती. खरा प्रश्न ‘कोणता मार्ग, किती खर्चाचा, कोणाच्या शेतातून आणि किती वर्षांत’ असा होता. पर्यायी मार्ग लांब पडतो, त्यासाठी शेतजमीन लागते, आणि तोवर रुग्णाला अकोल्याला न्यायचे तर एस.टी. किंवा जीप. वाट पाहणाऱ्या माणसाचा राग मला समजतो. तो राग वाघावर काढण्यात मात्र काही अर्थ नाही.

आता यात पर्यावरणमंत्री कोठे आले? बहुतेकांना आश्चर्य वाटेल, पण राज्याच्या पर्यावरणमंत्र्याची सही या प्रकरणात निर्णायक नव्हतीच. रेल्वे केंद्राची. वाघ आणि जंगल हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा विषय. त्यात राज्याचे वन खाते, राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आणि राष्ट्रीय वन्यजीव मंडळ यांचा अधिकार. दिल्लीत पर्यावरण, वने आणि वातावरणीय बदल यांचे एकच मंत्रालय आहे. महाराष्ट्रात मात्र वन खाते वेगळे आणि पर्यावरण खाते वेगळे. डिसेंबर २०२४ मध्ये खातेवाटप झाले तेव्हा वन खाते गणेश नाईक यांच्याकडे गेले आणि पर्यावरण खाते पंकजा मुंडे यांच्याकडे.

तीच गोष्ट पाण्याची. तेल्हारा तालुक्याच्या दक्षिणेकडे पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. तेथील विहिरींचे पाणी खारे, ते कोणी कारखाना काढून खारे केलेले नाही. खोऱ्यातील गाळाच्या थरांतच क्षार आहेत. तेथल्या माणसाला पर्यावरणाचा सर्वांत मोठा प्रश्न विचारला तर तो पाण्याचे नाव घेईल. पण ते पाहणार पाणीपुरवठा खाते, आणि वान धरणाचे पाणी पाहणार जलसंपदा खाते.

मग पर्यावरणमंत्र्याच्या हाती उरते काय?

हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. आपल्या राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात केंद्राचे विषय, राज्याचे विषय आणि दोघांचे समाईक विषय अशा तीन सूची आहेत. ‘पर्यावरण’ ही नोंद त्यांपैकी एकाही सूचीत नाही! घटना झाली तेव्हा हा शब्द आजच्या अर्थाने रूढच नव्हता. सार्वजनिक आरोग्य आणि पाणी राज्याकडे होते. वने आणि वन्य प्राणी १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने समाईक सूचीत गेले. त्याच दुरुस्तीने पर्यावरणाचे रक्षण हे राज्यसंस्थेचे ध्येय आणि नागरिकाचे कर्तव्य म्हणून घटनेत लिहिले गेले. अशा रीतीने हा विषय तुकड्यातुकड्यांनी जमला, आणि खातेही तसेच तुकड्यांनी बनले.

तरी एका गोष्टीत महाराष्ट्राने पुढे पाऊल टाकले होते. स्टॉकहोमची जागतिक पर्यावरण परिषद १९७२ ची. त्याआधीच, १९६९ मध्ये, महाराष्ट्राने जलप्रदूषण रोखण्याचा स्वतःचा कायदा केला आणि ७ सप्टेंबर १९७० रोजी प्रदूषण मंडळ स्थापन केले. केंद्राचा जलप्रदूषण कायदा १९७४ मध्ये आला. आपण तो १९८१ मध्ये स्वीकारला. पर्यावरणाचे स्वतंत्र खाते १९८५ मध्ये झाले आणि २०२० मध्ये त्याच्या नावात ‘वातावरणीय बदल’ हे शब्द जोडले गेले.

खात्याचे खरे हातपाय म्हणजे हे प्रदूषण नियंत्रण मंडळ. कारखाना उभारण्यापूर्वी त्याची संमती लागते, चालविण्यापूर्वी पुन्हा लागते. सांडपाणी किती, त्यात काय, धुराड्यातून काय बाहेर पडते, हे मंडळाने मोजावयाचे आणि मर्यादा ओलांडली तर कारखाना बंद करण्यापर्यंत जावयाचे. त्याचे एक कार्यालय अकोल्यातही आहे. मात्र मंत्री मंडळाचे मालक नव्हेत. मंडळ कायद्याने स्थापन झालेली संस्था आहे. राज्य सरकार अध्यक्ष व सदस्य नेमते, लेखी निर्देश देऊ शकते. पण अमुक कारखान्याला संमती द्या वा देऊ नका, हे तांत्रिक मोजमापावर ठरावे अशी कायद्याची कल्पना. म्हणून मंडळावर कोणाला नेमले, ही पर्यावरण खात्याची सर्वांत मोठी आणि सर्वांत कमी बोलली जाणारी जबाबदारी आहे असे मला वाटते. सप्टेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सर्व राज्यांना सांगावे लागले की, मंडळांचे अध्यक्ष आणि सदस्य कोणत्या पात्रतेवर नेमणार याचे नियम सहा महिन्यांत करा. जे काम सरकारांनी आपणहून करावयाचे ते न्यायालयाने सांगावे लागले, यावरून काय ते समजा.

आणखी एक बाब ध्यानात घ्या. प्रदूषणाच्या मर्यादा बहुधा दिल्लीत ठरतात. अकोला जिल्ह्यातील पारस येथे प्रत्येकी २५० मेगावॉटचे दोन औष्णिक संच आहेत. अशा केंद्रांच्या धुराबाबत केंद्राने डिसेंबर २०१५ मध्ये कडक मर्यादा ठरविल्या. पुढे त्यांची मुदत अनेकदा वाढविली आणि जुलै २०२५ मध्ये गंधकाच्या वायूबाबत बहुतेक केंद्रांना सूट दिली. ‘मग राज्याचा मंत्री बिचारा काय करणार?’ असे म्हणणे सोयीचे आहे, पण पुरते खरे नाही. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण नियमांप्रमाणे राज्याचे मंडळ केंद्राची मर्यादा सैल करू शकत नाही. परंतु ती अधिक कडक करू शकते. दिल्लीने दिलेली मर्यादा ही किमान अट आहे. तिच्यापुढे जाण्याची मोकळीक राज्याला आहे. ती किती वेळा वापरली, हे कोणत्याही पर्यावरणमंत्र्याला विचारावे असे मला वाटते, पक्ष कोणताही असो.

आता तुमच्यापैकी कोणाच्या तरी मनात असेल तो प्रश्न. पर्यावरणमंत्री व्हायला काय शिकावे लागते? काही नाही. मंत्री व्हायला पदवीची अट नाही. विधानसभेचे किंवा विधानपरिषदेचे सदस्य असावे लागते. नसल्यास सहा महिन्यांत व्हावे लागते. मुख्यमंत्र्यांनी नाव सुचवावे, राज्यपालांनी शपथ द्यावी, एवढेच. मला ही व्यवस्था गैर वाटत नाही. मंत्र्याला रसायनशास्त्र यावे अशी माझी अपेक्षा नाही. ते येणारी माणसे खात्यात असतात. त्या माणसांना नीट प्रश्न विचारता यावेत आणि उत्तरात आकडा मागता यावा, एवढे आले तरी पुष्कळ झाले.

माझी तक्रार वेगळी आहे. या खात्याकडे आपण राजकारणात दुय्यम म्हणून पाहतो. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांची संख्या विधानसभेच्या १५ टक्क्यांवर बांधली. आपल्या २८८ जागांच्या सभागृहात ती ४३ होते. खाती त्यापेक्षा अधिक, म्हणून एकेकाकडे दोन-तीन खाती येतात, आणि पर्यावरण बहुधा दुसऱ्या एखाद्या खात्याच्या जोडीने येते. वरोऱ्याचे संजय देवतळे मंत्री होते (२०१० ते २०१४) तेव्हा पर्यावरणाबरोबर सांस्कृतिक कार्य होते. आदित्य ठाकरे यांच्याकडे (२०२० ते २०२२) पर्यटन आणि राजशिष्टाचार. त्यानंतर हे खाते मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी स्वतःकडे ठेवले. पंकजा मुंडे यांच्याकडे ते आले ते पशुसंवर्धनाबरोबर. नाटक, पर्यटन, गुरेढोरे! या जोड्या निसर्गाच्या गरजेने जमत नाहीत, हे सांगायला नको.

यांत एक जोडी मला खरोखर खटकते. २०१४ ते २०१९ या काळात आपल्या अमरावतीचे प्रवीण पोटे-पाटील राज्यमंत्री होते. त्यांच्याकडे उद्योग व खनिकर्म, सार्वजनिक बांधकाम आणि पर्यावरण ही खाती एकत्र होती. येथे दोष व्यक्तीचा नाही, वाटपाचा आहे. खाण सुरू व्हावी म्हणून झटणे हे एका खात्याचे कर्तव्य. खाणीने काय बिघडेल ते तपासणे हे दुसऱ्याचे. प्रयोगशाळेत आपण ज्याचे मोजमाप घ्यावयाचे त्यालाच वाचन लिहू देत नाही. माणूस कितीही सज्जन असला तरी एकाच टेबलावर या दोन फायली ठेवू नयेत. यावर तुमच्या शिक्षकांचे मत वेगळे असू शकेल. काहीजण म्हणतात की दोन्ही खाती एका हाती असली म्हणजे कामे अडत नाहीत. मला वाटते, काही कामे अडावीत यासाठीच हे खाते आहे.

जानेवारी २०१९ मध्ये केंद्राने राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम सुरू केला. हवा ठरलेल्या मर्यादेत न बसणाऱ्या महाराष्ट्रातील शहरांच्या यादीत मुंबई, पुणे, नागपूर, चंद्रपूर आहेतच. पण अकोला आणि अमरावतीही आहेत. ही नावे तेथे का आली? कारण या शहरांत हवा मोजली जाते. हिवरखेडच्या बसस्थानकावर उन्हाळ्याच्या दुपारी उडणारी धूळ कोणत्याही यादीत नाही. ती कमी आहे असे त्यावरून सिद्ध होत नाही. ती कोणी मोजली नाही, एवढेच सिद्ध होते.

मोजण्याचा विषय निघालाच आहे तर प्लॅस्टिक बंदीकडे वळू. पर्यावरण खात्याच्या कामांपैकी प्रत्येक घरात पोहोचलेले असे हेच एक.

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि तुंबलेल्या गटारांत पिशव्यांचे बोळे सापडले. त्यानंतर २००६ मध्ये महाराष्ट्राने ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर बंदी घातली. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. ५० मायक्रॉन म्हणजे ०.०५ मिलिमीटर. कायद्यात आकडा आला, हे चांगलेच. पण आकडा आला की उपकरण लागते. आठवडी बाजारात भाजीवाल्या बाईच्या हातातली पिशवी ४५ मायक्रॉनची की ५५ ची, हे तपासनिसाने डोळ्यांनी कसे ओळखावे? ते ओळखता येत नव्हते, आणि पातळ पिशव्या चालतच राहिल्या.

२३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने हा पेच वेगळ्या रीतीने सोडविला. तेव्हा पर्यावरणमंत्री होते रामदास कदम, कोकणातल्या खेडचे, पूर्वी विधानसभेत विरोधी पक्षनेते राहिलेले. या अधिसूचनेने पिशवी कितीही जाड असो, सर्वच पिशव्यांवर बंदी घातली. मला यातली युक्ती आवडली. जाडीची अट काढून टाकली की स्क्रूगेज लागत नाही, दिसली पिशवी की झाला गुन्हा. पहिल्या वेळी ५,००० रुपये दंड, दुसऱ्या वेळी १०,०००, तिसऱ्या वेळी २५,००० आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. तीन महिन्यांची सवलत देऊन २३ जूनपासून अंमल सुरू झाला. आणि आठवडा संपण्याआत किराणा दुकानदारांच्या मागणीवरून ५० मायक्रॉनपेक्षा जाड वेष्टनाला मुभा मिळाली. म्हणजे स्क्रूगेज पुन्हा बाजारात आला! दुकानदाराची अडचण खरी होती. डाळ-साखर कशात बांधून द्यावयाची हा प्रश्न बंदीपूर्वीच सोडवावयास हवा होता. त्याच अधिसूचनेत दुधाच्या पिशवीवर ५० पैसे ठेव घ्यावी आणि रिकामी पिशवी परत दिल्यावर ती परत करावी, अशीही तरतूद होती. तुमच्या घरी असे ५० पैसे कधी कोणाला मिळाले का, हे आज आईला विचारा.

तरी मी या बंदीला फसलेली म्हणणार नाही. कापडी पिशवी घेऊन बाजारात जाणारी माणसे तेव्हापासून वाढलेली मी स्वतः पाहतो. जुलै २०२२ पासून केंद्रानेही एकदा वापरून फेकावयाच्या कित्येक वस्तूंवर देशभर बंदी घातली. पण अंमलबजावणीचे काय, ते मला त्याच दिवशी हिवरखेडला कळले.

झाले असे. कार्यक्रम संपल्यावर मुख्याध्यापकांनी मला शाल-श्रीफळ दिले. नारळ आणला होता एका पातळ, झिरझिरीत पिशवीत. तो मुलगा दाराशी घोटाळत होताच. मी त्याला ती पिशवी दिली आणि म्हटले, ‘‘ही मोजून दाखव.’’ प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली शोधण्यात दहा मिनिटे गेली. स्क्रूगेज निघाला. त्याचे लघुतम माप ०.०१ मिलिमीटर, म्हणजे १० मायक्रॉन. अशा उपकरणाने एकच थर मोजला तर चूकच वाचनाएवढी व्हायची. म्हणून पिशवीचा एक पदर कापून चार वेळा दुमडला. १६ थर झाले. मधली हवा निघून जावी म्हणून घडी वहीखाली दाबली. तिघा-चौघांनी आळीपाळीने वाचन घेतले. वाचन आले ०.३५ मिलिमीटर.

‘‘भागिले सोळा,’’ मुलगा म्हणाला आणि पाटीसारखी वही पुढे ओढून गणित करू लागला.

‘‘थांब,’’ मी म्हटले, ‘‘आधी स्क्रूगेज मोकळा मिटवून पाहा.’’

मिटवल्यावर शून्यावर शून्य येत नव्हते. शून्य दोष अधिक ०.०३ चा होता. तो वजा केला. ०.३२ भागिले १६, म्हणजे ०.०२ मिलिमीटर. वीस मायक्रॉन. २००६ च्या नियमाने बंद, २०१८ च्या नियमाने बंद, आणि नारळासकट शाळेत हजर. मुख्याध्यापक हसले आणि शिपायाला म्हणाले, ‘‘कोन्या दुकानातून आनली रे?’’ मुलाने ती घडी वहीत डकवली, खाली तारीख आणि वाचन लिहिले. मग मला विचारले, ‘‘सर, हे अकोल्याच्या हापिसात धाडलं तं चालते का?’’

चालते, असे मी सांगितले. पाकिटावर पत्ता मीच लिहून दिला.